अमेरिकेची कॅसेट, कोल्हापूरचा व्हीसीपी: कन्व्हर्टर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही राजारामपुरीत राहतो. घरात व्हीएचएसच्या चौदा कॅसेट आहेत. नऊ इथल्याच, म्हणजे आमचं १९९१ चं लग्न, दोन मुंजी, वास्तुशांत वगैरे. पाच माझ्या धाकट्या दिरांनी न्यू जर्सीहून पाठवलेल्या. त्यांतली एक आमच्या व्हीसीपीवर (फक्त कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर) नीट लागायची, बाकी चार कधीच नाही. चित्र नुसतं वर सरकत राहायचं आणि आवाज जाड यायचा. शिवाय दिरांच्या हँडीकॅमच्या तीन छोट्या कॅसेट इथंच राहिल्या आहेत. व्हीसीपी गेली अनेक वर्षं बंद आहे. ओळखीचा दुकानदार 'सिस्टिम कन्व्हर्टर' नावाचा डबा चौदा हजारांना देतो म्हणतो, दुसरा म्हणतो कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी साडेसातशेची यूएसबी घ्या आणि मोकळ्या व्हा. दिरांना आमच्या लग्नाची कॅसेट अमेरिकन सिस्टिममध्ये करून हवी आहे. बजेट वीस हजार. काय घेऊ? आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून दिल्या तर चालतील का?

उत्तर: डबा घेऊ नका. चौदा हजार त्यात घातलेत तर ज्या वस्तूवर सगळं अवलंबून आहे, ती म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, तिच्यासाठी पैसेच उरणार नाहीत. कन्व्हर्टर का नको याचा पुरावा तुमच्याच कपाटात आहे. नीट लागणारी ती पाचवी कॅसेट.

तिच्याकडे येण्याआधी बाकीच्या चार का लागत नाहीत ते बघू. आपल्याकडची टीव्हीच्या चित्राची सिस्टिम पाल. एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, त्या भागाला फील्ड म्हणतात, म्हणून सेकंदाला ५० फील्ड. अमेरिकेची एनटीएससी म्हणजे ५२५ ओळी आणि २९.९७ चित्रं, सोयीसाठी ३० धरा, म्हणजे ६० फील्ड. फरक यंत्राच्या पोटापर्यंत जातो. पालच्या व्हीसीआरमध्ये (कॅसेट भरणाऱ्या आणि वाजवणाऱ्या यंत्रात) हेडचा, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाचा, ड्रम मिनिटाला १,५०० वेळा फिरतो, एनटीएससीच्या यंत्रात सुमारे १,८०० वेळा. नेहमीच्या एसपी स्पीडला पालची टेप सेकंदाला २३.४ मिलिमीटर सरकते, एनटीएससीची ३३.४. तुमचा व्हीसीपी बिचारा फक्त पाल ओळखतो. तो अमेरिकन टेप हळू ओढणार, आवाज जाड होणार आणि चित्र जागेवर थांबणार नाही. कॅसेटला काहीही झालेलं नाही.

कॅसेटच्या लेबलवरून सिस्टिम पक्की कळत नाही. टी-१२० लिहिलेली कॅसेट बहुधा अमेरिकेतली, ई-१८० बहुधा आपल्याकडची किंवा आखातातली, पण कोरी टेप दोन्हीकडे सारखीच असते. कुठल्या यंत्रावर भरली त्यावर सिस्टिम ठरते.

आता ती पाचवी. ती तुमच्या व्हीसीपीवर लागते याचा अर्थ दिरांनी ती तिकडच्या दुकानातून पालमध्ये करून घेऊन पाठवली असावी. तुम्ही घ्याल तो व्हीसीआर सुरू झाला की तिच्यातला असा प्रसंग काढा जिथे कॅमेरा आडवा फिरतो किंवा समोरून गाडी जाते. हालचाल सलग नसेल. बारीक गचके बसतील, नाहीतर गाडीच्या मागे तिची फिकट सावली दिसेल. साठ फील्डांचे पन्नास करायचे तर दर सहातलं एक गाळावं लागतं, किंवा शेजारची दोन एकमेकांत मिसळावी लागतात. ५२५ ओळींच्या ६२५ करताना मधल्या ओळी अंदाजाने भरतात. तुम्हाला दाखवलेला डबा हेच करतो, आणि स्वस्त डबा ते आणखी ढोबळपणे करतो. गाळलेलं फील्ड नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

हे सगळं करावं लागे कारण घरातला टीव्ही एकच सिस्टिम घ्यायचा. आज फोन, लॅपटॉप, कुठलाही नवा टीव्ही २५ चित्रांची फाइलही चालवतो आणि ३० चीही. म्हणून पालची कॅसेट पाल म्हणूनच फाइलमध्ये घ्या, एनटीएससीची एनटीएससी म्हणूनच. मूळ फाइल ठेवायची ती हीच. हिशेबाची गंमत अशी की पालमध्ये दिसणाऱ्या ५७६ ओळी गुणिले २५ आणि एनटीएससीच्या ४८० गुणिले ३०, दोन्हीचं उत्तर १४,४००. म्हणजे डिस्कवरची जागाही सारखीच लागते.

खरेदीला निघण्याआधी दिरांना एक फोन करा. कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेट त्यांच्याकडे आहेत का? तुमच्याकडे आलेल्या पाच बहुतेक नकला असणार, आणि व्हीएचएसची नकल म्हणजे रंग पसरलेला, कडा मऊ झालेल्या. मूळ सापडल्या तर त्यांचं काम न्यू जर्सीतच व्हावं, तिथे एनटीएससीचं यंत्र मिळवणं सोपं आहे. पालमध्ये केलेल्या त्या पाचव्या कॅसेटची मूळ प्रत तर आवर्जून शोधायला सांगा. कॅसेट विमानाने न्यायच्या झाल्या तर हातातल्या बॅगेत ठेवा. एक्स-रेने त्या पुसल्या जात नाहीत.

मूळ नसतील तर चारही इथेच कराव्या लागतील आणि यंत्र निवडताना त्यांचा विचार आधी करावा लागेल. व्हीसीआर आता सेकंडहँडच मिळतो. बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तुम्हाला हवा तो दुबई-मस्कतहून आलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर. नोकरीसाठी आखातात गेलेल्यांच्या घरी असे पुष्कळ आले, आणि नातेवाइकांच्या माळ्यावर पडलेला बाजारातल्यापेक्षा कमी झिजलेला असतो. आधी तिथे विचारा. सॅमसंगचा एसव्ही-५०००डब्ल्यू किंवा पॅनासॉनिकचा एजी-डब्ल्यू१ अशी काही यंत्रं सगळ्या सिस्टिम वाजवतात आणि आतल्या आत बदलूनही देतात. एखादं चालू स्थितीत, बेताच्या किमतीत मिळालं तर जरूर घ्या. फक्त त्याचं आउटपुट कॅसेट ज्या सिस्टिमची त्याच सिस्टिमला ठेवा. खास त्याच्यामागे मात्र धावू नका.

मल्टिसिस्टिम या शब्दात एक मोठी मेख आहे, आणि पैसे बहुतेकांचे तिथेच वाया जातात. यंत्रावर 'एनटीएससी प्लेबॅक' लिहिलेलं असतं, पण आउटपुटला येणारा सिग्नल तीनपैकी कुठलाही असू शकतो. एक, खरा एनटीएससी, ज्याचा रंग ३.५८ मेगाहर्ट्झवर असतो. दोन, एनटीएससी ४.४३, म्हणजे चित्र अमेरिकन पण रंगाची फ्रिक्वेन्सी पालची. तीन, पाल-६०, म्हणजे साठ फील्डांच्या चित्रावर चढवलेला पालचा रंग. 'पालच्या टीव्हीवर एनटीएससी बघा' अशी जाहिरात असलेली बहुतेक यंत्रं हा तिसरा प्रकार देतात. टीव्ही तो निमूट दाखवतो. कॅप्चर करणारी स्वस्त यूएसबी मात्र एकतर काळंपांढरं चित्र देते किंवा काहीच देत नाही, आणि मग दोष कॅसेटला लागतो. मागच्या बाजूला सिस्टिम निवडायचा स्विच आहे का बघा, त्यावर ३.५८ असेल तर तोच हवा. तसा स्विच नसेल तर कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल-६० आणि एनटीएससी ४.४३ निवडता येतात याची आधी खात्री करा. पुढे अडलात तर खूण लक्षात ठेवा: चित्र स्थिर पण काळंपांढरं, तर घोळ रंगाच्या फ्रिक्वेन्सीचा. चित्र रंगीत पण सरकतंय, तर घोळ पन्नास-साठचा. आणखी एक गोष्ट विक्रेत्याला विचारा. अमेरिकेत सहा तासांच्या ईपी स्पीडवर भरायची सवय होती, कारण एका कॅसेटमध्ये जास्त मावायचं. यंत्र एनटीएससी ईपी वाजवतं ना?

दिर येताना तिकडचा व्हीसीआर घेऊन आले तर हा सगळा गुंता सुटतो, कारण तो खरा एनटीएससीच देतो. फक्त तो १२० व्होल्टचा असतो. पिनचा अडॅप्टर लावून आपल्या २३० व्होल्टला जोडलात तर त्याच क्षणी जळेल. २३० चे ११० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. व्हीसीआर साधारण २०-३० वॅट घेतो, त्यामुळे १०० व्हीएचा पुरतो. आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून घाबरू नका, ड्रमचा वेग आतला क्रिस्टल ठरवतो.

विकत घेताना स्वतःची एक कॅसेट न्या, पण लग्नाची नको. गेली तरी चालेल अशी न्या. दहा मिनिटं वाजवून बघा, मग फॉरवर्ड, रिवाइंड, दोन्ही टोकांपर्यंत. कॅसेट बाहेर काढल्यावर पुढचं झाकण उचलून टेपची कड बघा. कडेला चुणी पडली असेल किंवा टेपचा वेढा आत अडकून राहिला असेल तर टेप ओढणारा पिंच रोलर आणि आतले बेल्ट कडक झालेत. दुरुस्त होतं, पण किमतीतून तेवढे वजा करून घ्या. ट्रॅकिंगचं बटण फिरवूनही पूर्ण चित्रभर बारीक पांढरे ठिपके पडत राहिले तर आधी हेड साफ करून मागा. तरीही राहिले तर हेड झिजलंय, यंत्र सोडा.

आता कोल्हापूरचा पावसाळा. चार महिने माळ्यावर किंवा भिंतीला लागून ठेवलेल्या कॅसेटला बुरशी येते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळलेल्या टेपची सपाट बाजू बघा. तिथे पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे-करडे डाग दिसले तर ती कॅसेट नव्या व्हीसीआरमध्ये 'एकदा बघू तर' म्हणूनही घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. तुमचा जुना व्हीसीपी दुरुस्त होऊन किमान फॉरवर्ड-रिवाइंड करत असेल तर त्याला या कॅसेट पळवायच्या कामाला लावा. तोंडाला मास्क बांधून, गच्चीत किंवा गॅलरीत बसा. कॅसेटचे मागचे पाच स्क्रू काढा. वरचं कव्हर उचलताच टेप कुठून कशी गेली आहे त्याचा फोटो घ्या, नाहीतर परत बसवताना स्प्रिंग आणि रोलर कुठले कुठे हे आठवणार नाही. रिळांच्या बाजू ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पूर्ण वाळू द्या. मग कॅसेट बंद करून दोनतीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवा. बुरशी जास्त असेल, किंवा टेप एकमेकींना चिकटून कर्र आवाज येत असेल, तर थांबा आणि जाणत्या मेकॅनिककडे द्या.

डाग नसलेल्या कॅसेटही पहिल्यांदा वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे न्या. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसलेले वेढे सुटतात. हेड दर चारपाच कॅसेटनंतर साफ करा. यंत्राची पिन काढून, जाडसर साधा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला अलगद टेकवायचा, तसाच धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. कागद वरखाली घासायचा नाही, हेडचं टोक तुटतं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या तर नकोतच, त्यांचा धागा हेडला अडकतो.

यूएसबीचं म्हणाल तर व्हीसीआरवरून उरलेल्या पैशांत चांगली येते. साडेसातशेवालीचा त्रास असा की एकाच नावाच्या डबीत आत वेगवेगळ्या चिप निघतात. एखादी बरी चालते. दुसरीत तासाभराने ओठ आणि आवाज वेगळे होतात, किंवा उजेडाचा भाग सपाट पांढरा होतो. तुमच्या लग्नात शूटिंगवाल्याची सनगन, म्हणजे प्रखर दिवा, डोळ्यांवर असणारच, तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावरचा तपशील असाच जातो. पिवळी पिन आणि एस-व्हिडिओ दोन्ही घेणारी, पाल, एनटीएससी आणि पाल-६० तिन्ही लिहिलेली घ्या, आणि परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. पिवळी पिन घेऊन एचडीएमआय देणारा छोटा डबा मात्र कितीही सांगितलं तरी नको. तो चित्र ताणून १०८० करतो, दोन्ही फील्ड ओबडधोबड जोडतो आणि पालचे पन्नास बहुतेक वेळा साठ करतो. म्हणजे तुम्ही नाकारलेला कन्व्हर्टरच, वेगळ्या वेष्टनात.

जोडणी एव्ही आउटमधून करा. टीव्हीच्या अँटेनाची केबल नको, तिच्यात चित्र आणखी उतरतं. यंत्र मोनो असेल तर पांढरी पिन एकच असते, ती यूएसबीच्या डाव्या बाजूला लावून नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे करता येते. विंडोजवर व्हर्च्युअलडब हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. पालसाठी ७२० बाय ५७६ आणि २५, एनटीएससीसाठी ७२० बाय ४८० आणि २९.९७, रंगासाठी वाययूवाय२ हा पर्याय, आवाज ४८ किलोहर्ट्झ. लॅगॅरिथसारखा काहीही न गमावता फाइल लहान करणारा कोडेक लावलात तर तासाला साधारण ३० जीबी लागतात, काहीच न लावता ७५. बाहेरची हार्ड डिस्क एफएटी३२ असेल तर फाइल चार जीबीला अडते आणि लोक कॅसेट तुटली समजून घाबरतात. आधी एनटीएफएस करून घ्या. यूएसबी थेट लॅपटॉपला जोडा, हबमधून नको. खाली 'ड्रॉप्ड फ्रेम' चा, म्हणजे गळलेल्या चित्रांचा, आकडा असतो, तो तासात एकदोनच्या वर जायला लागला तर थांबून कारण शोधा.

चित्राचा वरचा भाग कॅसेटभर वाकडा होत असेल तर टेपचा वेळ डळमळतोय. त्यावर साधा उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडणं. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० यासाठीच शोधला जातो. डीव्हीडी प्लेयर नव्हे, एव्ही इन असलेला रेकॉर्डर. व्हीसीआरमधून त्यात, त्यातून यूएसबीत. काही रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल त्याच्यातून जातानाच ओळी सरळ होतात. हा आधीच विकत घेऊन ठेवू नका, गरज दिसली तर घ्या. चित्राच्या अगदी तळाशी नाचणारी आडवी पट्टी दिसेल ती मात्र दोष नाही. हेड बदलतं त्या जागेची ती खूण आहे, टीव्हीवर ती कडेबाहेर जायची. शेवटी आठदहा ओळी कापून टाका.

छोट्या तीन कॅसेट आठ मिलिमीटरच्या असणार. लेबलवर पी६-१२० असेल तर बहुधा अमेरिकन, पी५-९० असेल तर बहुधा पाल. त्या व्हीएचएसमध्ये घालायचा अडॅप्टर देतो असं कोणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा. तसा अडॅप्टर फक्त व्हीएचएस-सी या छोट्या कॅसेटला असतो, कारण तिची टेप व्हीएचएसच्याच रुंदीची आहे. या तीन कॅसेटसाठी दिरांचाच हँडीकॅम हवा. बॅटरी मेली असेल तरी चालेल, पण त्याचा मूळ अडॅप्टर आणायला सांगा आणि त्यावर १००-२४० व्होल्ट छापलंय का ते वाचून घ्यायला सांगा.

दिरांना लग्न अमेरिकन सिस्टिममध्ये पाठवायची गरज नाही. लॅगॅरिथची फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, डीइंटरलेसमध्ये (फील्डांची पूर्ण चित्रं करायच्या पर्यायात) 'बॉब' निवडा, एच.२६४ एमपी४ करा. सेकंदाला ५० पूर्ण चित्रं मिळतात, हालचाल टीव्हीवर होती तशी सलग राहते. ती फाइल त्यांच्या लॅपटॉपवर आणि फोनवर विनातक्रार चालेल. तिकडचा टीव्ही पेनड्राइव्हवरून ५० ची फाइल घेतो की नाही हे मॉडेलवर असतं, म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा पाठवून बघा. त्यांना डीव्हीडीच हवी असेल, समजा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्लेयरवर लावायला, तर तेवढ्यापुरती एनटीएससी डीव्हीडी या एमपी४वरून बनवा. अमेरिकेतले बरेच प्लेयर पालची डीव्हीडी घेत नाहीत. ही बदललेली प्रत फक्त बघण्यासाठी. तुमच्याकडची लॅगॅरिथची फाइल पुसू नका.

कॅसेट टाकू नका, निदान प्रत्येक फाइल शेवटच्या मिनिटापर्यंत बघून होईतो आणि दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवेपर्यंत तरी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये आवाज सरकला असेल तर तो शेवटीच कळतो. नंतर ठेवायच्या तर पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, मधल्या मजल्यावरच्या कोरड्या कपाटात. डांबर गोळ्या नकोत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि मेअखेरीस त्या बदला.